शमाद कधी वाजवायचा? लीलच्या वेढ्यावरून (१७०८) एक प्रश्न

बुरूजबंद

स्पॅनिश वारसायुद्धातल्या (१७०१-१७१४) वेढ्यांबद्दल जाणकारांना विचारायचंय.

सप्टेंबर १७०३ मध्ये ऱ्हाईनकाठचा ब्रायझाख किल्ला फ्रेंचांच्या हवाली झाला. किल्लेदार काउंट आर्कोवर त्याच्याच धन्याने, म्हणजे पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूने, खटला भरला आणि फेब्रुवारी १७०४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या हाताखालचा मार्सिली (डॅन्यूब नदीचा अभ्यासक म्हणून गाजलेला, तोच) याची तलवार मोडून त्याला सैन्यातून काढलं. पुढे पाच वर्षांनी फ्रेंच मार्शल बुफ्लेरने आधी लील शहर सोडलं, मग लीलचा बालेकिल्लाही सोडला. त्याला मात्र फ्रान्सच्या चौदाव्या लुईने पेअर (सगळ्यात वरच्या दर्जाचा सरदार) करून मानाच्या पहिल्या फळीत बसवलं.

दोघांनीही शमाद वाजवला. शमाद म्हणजे 'बोलणी करायची आहेत' हे कळवायला तटावरून वाजवायचा ढोल. मग एकाचं डोकं का गेलं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर तुरा का आला? तीन गोष्टी नेमक्या हव्यात:

वाजवण्याची 'योग्य' वेळ ठरायची कशावरून? कौलात (किल्ला हवाली करायच्या करारात) काय काय लिहिलेलं असायचं? आणि इंजिनिअर लोक 'हा किल्ला अमुक दिवसांत पडेल' असं आधीच छातीठोकपणे कसं सांगायचे? हे सगळं वाचताना कधीकधी मिलीभगत वाटते, म्हणून विचारतोय.

त्रिकोणमिती

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिले दोन त्याच्यावर उभे आहेत.

'अमुक दिवस' हा हिशेब चौदाव्या लुईचा इंजिनिअर वोबाँ (१६३३-१७०७) याचा. चांगला बांधलेला, पुरेशी शिबंदी असलेला, पण बाहेरून कुमक न येणारा किल्ला त्याने ४८ दिवसांचा धरला. फोड अशी: वेढा आवळणं, सामान जमवणं आणि छावणीभोवती मातीचे तट उभारणं, ९ दिवस. चर उघडल्यापासून आडवाटेपर्यंत ९. (खंदकाच्या बाहेरच्या काठावर, मातीच्या उताराआड बचाव करणाऱ्यांना फिरायला ठेवलेली वाट, तिला आडवाट म्हणतोय.) ती घेऊन तिथे पाय रोवायला ४. मग अर्धचंद्र, म्हणजे दोन बुरुजांमधल्या भिंतीपुढे खंदकात उभं केलेलं तिकोनी बांधकाम. त्याचा खंदक ओलांडायला ३, त्याला खिंडार पाडायला ४, तो घ्यायला ३. मुख्य खंदक ओलांडायला ४, बुरुजाला सुरुंग लावून खिंडार पाडायला ४, खिंडार ताब्यात घ्यायला २, कौल होऊन किल्ला हाती यायला २. वर आणखी ४ दिवस चुका, आतून पडणारे छापे आणि चिवट बचाव यांच्या नावाने. करा बेरीज.

हे सांगता येत होतं, कारण कोनी बुरुजांचा किल्ला म्हणजे भूमितीचं प्रमेय. कोणती तोफ कुठपर्यंत आणि कोणत्या दिशेने मारेल, हे बांधणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे ते नकाशा हातात असलेल्या वेढा घालणाऱ्यालाही वाचता येतं.

आता प्रत्यक्ष काम. आधी आठवडाभर सैन्य आसपासची झाडी तोडून काटक्यांच्या मोळ्या बांधतं, साधारण सहा फूट लांब. शिवाय बिनबुडाचे विणलेले टोपले, अडीच फूट उंच आणि तितकेच रुंद. चर उघडण्याच्या रात्री हजार-बाराशे कामकरी एका ओळीने निघतात. प्रत्येकाकडे एक मोळी, एक कुदळ, एक फावडं. इंजिनिअरने पुढे जाऊन दोरी ताणलेली असते. दोरीला लागून प्रत्येकाने आपली मोळी ठेवायची आणि तिच्यामागे पालथं पडून राहायचं. मोळीची लांबी तेवढा त्याच्या वाट्याचा चर. कामकऱ्यांच्याही पुढे पहाऱ्याचं पायदळ पोटावर पडलेलं असतं. बोलायचं नाही, चिलीम ओढायची नाही. सगळी ओळ लागली की हलक्या आवाजात इशारा फिरतो आणि एकदम कुदळी पडतात. माती किल्ल्याच्या बाजूला टाकायची. उजाडेपर्यंत तीन फूट खोल गेलं पाहिजे, म्हणजे पुढे टाकलेल्या मातीची उंची धरून उभ्या माणसाला आडोसा होतो.

किल्ल्याला पहाटेपर्यंत सुगावा लागला नाही, तर ही रात्र जवळजवळ फुकटात जाते. लागला, तर उघड्या माळावर हजार माणसं पालथी पडलेली सापडतात.

हा पहिला समांतर चर किल्ल्यापासून सहाएकशे मीटरवर. तिथून पुढे नागमोडी चर. त्याचा प्रत्येक सरळ तुकडा असा वळवायचा, की तो मनातल्या मनात पुढे वाढवला तर रेष किल्ल्याच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाच्याही बाहेरून जावी. इथे थोडा कोन चुकला, तर एकच तोफ चराच्या लांबीत मारा करते आणि एका गोळ्यात दहा माणसं जातात. नवशिक्या इंजिनिअरची ही ठरलेली चूक. साधारण निम्म्या अंतरावर दुसरा समांतर चर, आणि बाहेरच्या उताराच्या पायथ्याशी तिसरा. या तिघांचं काम पहारा ठेवण्याचं. आतून छापा आला, तर नागमोडी चराच्या टोकाशी खणणारे चार-सहा जण एकटे सापडत नाहीत, मागच्या समांतर चरातून पलटण उठते. वोबाँचा नियम होता, की चरातला पहारा किल्ल्यातल्या शिबंदीच्या निदान पाऊणपट हवा. तीन समांतर चरांची ही रीत त्याने १६७३ मध्ये मास्त्रिख्टला पहिल्यांदा पुरी वापरली.

दुसऱ्या चरापुढे बंदुकीचा मारा लागतो, तिथे उघड्यावर खणता येत नाही. मग सॅप. पुढे मोळ्यांनी ठासून भरलेला मोठा टोपला आडवा लोटत न्यायचा, त्याच्याआड एकामागे एक चार जण. पहिला दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणतो आणि बाजूला रिकामा टोपला उभा करून त्यात माती भरतो. दुसरा अर्धा फूट वाढवतो, तिसरा आणखी अर्धा, चौथ्यापर्यंत तीन फूट बाय तीन फूट होतं. मागचे साधे कामकरी ते रुंद करत येतात. जागा सगळ्यात वाईट पहिल्याची, म्हणून पाळी बदलत राहायची. दोन टोपल्यांमधली फट ही मारेकरी जागा. ती मातीच्या पिशवीने किंवा काटक्यांच्या जुडीने लगेच बुजवली नाही, तर गोळी तिथूनच येते. सॅपरची मजुरी रोजावर नसे, मापावर असे. एका त्वाजला (सुमारे १.९५ मीटर) इतके, आणि तट जवळ येईल तसा दर चढता. भरात आलेला सॅप चोवीस तासांत ८० त्वाज जातो असा वोबाँचा अंदाज. उतारावर पोचलात की तो वेग विसरायचा.

हिशेबनीस

त्रिकोणमितींनी कोष्टक दिलंच आहे, मी त्यावरून पहिल्या प्रश्नाकडे येतो.

किल्लेदार किल्ला 'राखत' नसतो. कुमक आली नाही तर तो पडणारच, हे दोन्ही बाजूंना पाठ असतं. किल्लेदार दिवस विकत असतो. शत्रूचं अख्खं सैन्य, त्याचा दारूगोळा, त्याचा उन्हाळा एका जागी अडकवून ठेवणं हे त्याचं काम. आणि किती दिवस विकले, हे मोजायचं माप म्हणजे वोबाँचं कोष्टकच! हल्लेखोरासाठी केलेला हिशेब दुसऱ्या बाजूच्या राजाच्या हातात किल्लेदाराची हजेरी घेणारी वही होतो.

आता लावा. ब्रायझाखला चर उघडून पंधरवडा होतो न होतो तोच किल्ला गेला. कोष्टकाप्रमाणे तोवर हल्लेखोर आडवाट ओलांडून जेमतेम अर्धचंद्रापाशी यायला हवा. (यातली गंमत म्हणजे ब्रायझाखची तटबंदी खुद्द वोबाँने पूर्वी केलेली, आणि १७०३ मध्ये वेढ्यात तोच फ्रेंचांच्या बाजूने हजर होता. तो त्याचा शेवटचा वेढा.) लीलला चर उघडले २२ ऑगस्टच्या रात्री आणि शहराचा शमाद वाजला २२ ऑक्टोबरला. ६१ दिवस. कोष्टकातले वेढा आवळायचे ९ वजा केले, तर चर उघडल्यापासून ३९ व्हायला हवे होते. पुढे बालेकिल्ला ९ डिसेंबरपर्यंत. वेढा १२ ऑगस्टला पडला तिथपासून मोजलं तर ११९ दिवस. वेढा घालणारे इंग्रज सेनापती मार्लबरो आणि सम्राटाचा सेनापती प्रिन्स युजीन, दोघांचाही १७०८ चा मोसम तिथेच खर्ची पडला, वर त्यांची १२ ते १५ हजार माणसं मेली-जखमी झाली. बुफ्लेरला तुरा मिळाला तो याचा.

'योग्य वेळ' मोघम नव्हती. चौदाव्या लुईने १७०५ मध्ये किल्लेदारांना लेखी बजावलं होतं, की मुख्य तटाला खिंडार पडून त्यावरचे हल्ले परतवून झाल्याशिवाय कौल मागायचा नाही. प्रत्यक्षात त्याच्या किल्लेदारांनी हे नेहमी पाळलं असं नाही. कारण उलट बाजूचा नियमही तितकाच जुना होता. खिंडार चढण्याजोगं झाल्यावर तुम्ही नाही म्हणालात आणि एल्गार करून किल्ला घेतला गेला, तर शिबंदीला जीवदान मागायचा हक्क नाही आणि गाव लुटीला मोकळं. राजा म्हणतो थोडं थांब, रिवाज म्हणतो थांबलास तर मेलास. या दोन टोकांमध्ये जे दोन-तीन दिवस उरतात, ती वेळ.

मिलीभगत म्हणाल तर नाही. बाजारातला घासाघीशीचा सौदा म्हणा. दोघांनाही भाव माहीत असतो, भांडण असतं शेवटच्या चार आण्यांचं.

आगाऊ_कार्टा

पण इतकं खणत बसण्यापेक्षा सरळ शेकडो तोफा लावून भाजून का काढत नव्हते? किंवा उपाशी मारायचं!

त्रिकोणमिती

@आगाऊ_कार्टा, भाजून काढायची रीत होती. डच इंजिनिअर कूहोर्न (मृत्यू १७०४) त्याच मताचा. दोन माणसांना उचलता येईल अशी छोटी पितळी गरनाळ (गोळा उंच फेकणारी आखूड तोफ) त्याच्याच नावाने ओळखली जाते. अशा गरनाळा ढिगाने लावायच्या, मोठ्या तोफांचा एकदम भडिमार करायचा आणि लवकर एल्गार. दिवस वाचतात, माणसं जातात. वोबाँचा सगळा खटाटोप याच्या उलट, दारू जास्त जाळा आणि रक्त कमी सांडा. १६९७ मध्ये 'आत' (Ath) या गावाच्या वेढ्यात त्याने १४ दिवसांत किल्ला घेतला आणि पन्नासेक माणसं गमावली. पण तुमच्याकडे वोबाँ नसेल, मागून शत्रूचं सैन्य येत असेल आणि ऑक्टोबरचा पाऊस तोंडावर असेल, तर सेनापती इंजिनिअरचं ऐकत नाही.

उपाशी मारायचं गणित बसत नाही. पन्नास-साठ हजार माणसं आणि तितकीच जनावरं एका जागी बसली की चारा आधी वेढा घालणाऱ्याचा संपतो, आणि हगवणही आधी त्याच्याच छावणीत सुरू होते.

भडिमाराची दुसरी अडचण वाहतूक. लीलसाठी ब्रुसेल्सहून निघालेला ताफा घ्या: ८० वजनी तोफा, २० गरनाळा, ३,००० गाड्या, १६,००० घोडे. एका तोफेला २० घोडे. रस्त्यावर हा ताफा पंचवीसेक किलोमीटर लांब पसरत होता, आणि दोन्ही बाजूंना फ्रेंच सैन्य असताना एकही गाडी न गमावता पोचला. वेढ्यातलं खरं कसब बघायचं तर ते इथे आहे. एल्गाराची चित्रं सगळेच काढतात.

त्रिकोणमिती

खिंडाराबद्दल राहिलं होतं. 'चढण्याजोगं' हा शब्द कौलाच्या बोलण्यात निर्णायक असतो, म्हणून ते कसं पाडतात हे कळायला हवं.

दोन प्रकारच्या तोफा, दोन कामं. पहिली टप्प्याच्या माऱ्याची. तटाच्या बाजूच्या रेषेत तोफ लावून दारू मुद्दाम थोडी भरायची, म्हणजे गोळा कठड्यावरून जेमतेम आत पडतो आणि दगड पाण्यावर भाकऱ्या काढत जावा तसा तटाच्या लांबीत उड्या मारत जातो. वाटेतल्या तोफांचे गाडे मोडतो. दारू जास्त झाली तर तो एकदाच आपटून पलीकडे जातो आणि काहीच साधत नाही. फिलिप्सबुर्ग (१६८८) इथे सुरू झालेली ही युक्ती 'आत'च्या वेढ्यात पक्की झाली.

दुसरी खिंडाराची तोफ. २४ लिव्रचा गोळा (सुमारे पावणेबारा किलो), भरपूर दारू, आणि जागा अगदी आडवाटेच्या काठावर, कारण तिथूनच तटाचा पाया दिसतो. लांबून मारलं तर फक्त वरचा कठडा उडतो. मारायची पद्धत अशी: आधी भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात आडवी खाच पाडायची, गोळ्याला गोळा लावून. मग दोन्ही टोकांना वरपर्यंत उभ्या खाचा. भिंत तिन्ही बाजूंनी सुटली की मागच्या मातीच्या दाबाने स्वतःच पुढे कोसळते, आणि ढिगारा खंदकात पडून त्याचाच चढ होतो. आडवी खाच उंच पडली, तर खाली अखंड भिंत शिल्लक राहते. लांबून खिंडार झकास दिसतं, पण शिडीशिवाय चढता येत नाही. हातात बंदूक धरून, हात न टेकता वर जाता आलं तर ते खिंडार. नाहीतर नुसतं भगदाड.

लीलला इथेच घोळ झाला. तोफा लांब आणि पसरून लावल्या, हजारो गोळे गेले, तरी काम मनासारखं होईना. मार्लबरोने इंजिनिअरांवर खापर फोडलं. ७ सप्टेंबरला आडवाटेवर फार रुंद आघाडीवर उघडा एल्गार केला, त्यात तीन हजारांच्या घरात माणसं पडली आणि हाती आला काठाचा थोडा तुकडा. सतत डागून तोफांच्या बत्तीची भोकं झिजून मोठी होतात, दाब तिथूनच निसटतो, ती तोफ मग लोखंडाच्या किंवा पितळेच्या ओंडक्याच्या लायकीची. २१ सप्टेंबरच्या हल्ल्यात खुद्द युजीनच्या डोळ्याच्या वर गोळी लागली आणि मार्लबरोला दोन्हीकडची कामं बघावी लागली.

हिशेबनीस

लीलमधला सगळ्यात धाडसी प्रकार आतल्यांच्या बाजूचा. सप्टेंबर संपता संपता किल्ल्यातली दारू आटली. २८ तारखेच्या रात्री शव्हालिए द लुक्झांबुर्ग सुमारे दोन हजार घोडेस्वार घेऊन निघाला, प्रत्येकाच्या खोगिरामागे साठेक लिव्र दारूची पिशवी. डच असल्याची बतावणी करून वेढ्याच्या तटाच्या फाटकातून बरेच जण आत शिरले, मग पहारेकऱ्यांना संशय आला. पिशव्यांमधून दारू सांडत होती. एक पेटली की शेजारच्या पेटत गेल्या, घोडे आणि माणसं एकदम उडाली. तरी ४० हजार लिव्रच्या आसपास दारू शहरात पोचली. पुढच्या महिन्याभराच्या बचावात तिचा मोठा वाटा.

फडावरचा_कारकून

दुसरा प्रश्न, कौल. हे माझ्या आवडीचं खातं, त्यामुळे थोडं लांबेल.

शमाद हल्ल्याच्या बाजूच्या तटावरूनच वाजतो, सोबत पांढरं निशाण. वाजला की गोळीबार थांबतो, आणि खणणंही थांबलं पाहिजे. खणण्यावरूनच सगळ्यात जास्त तंटे. बोलणी चालू असताना हल्लेखोराने चर दहा हात पुढे नेला, किंवा आतल्याने खिंडारामागे नवा आडबंध घातला, तर दोघेही विश्वासघात म्हणून ओरडणार. मग सारख्या हुद्द्याचे ओलीस, दोन-तीन इकडून, दोन-तीन तिकडून.

कौलाचा कागद समासाचा. एका बाजूला किल्लेदाराच्या मागण्या कलमवार, समोर हल्लेखोराचा शेरा: 'मान्य', 'नामंजूर', किंवा 'मान्य, परंतु...'. सगळी मजा त्या 'परंतु'त.

पहिलं कलम बहुधा मानाचं. शिबंदी खिंडारातून बाहेर पडेल, ढोल वाजत, निशाणं फडकत, पलित्याची (बंदूक डागायच्या जळत्या वातीची) दोन्ही टोकं पेटलेली, तोंडात गोळी. तोंडात गोळी याचा अर्थ लढायला तयार. घाईत बंदूक भरायची असली की शिपाई पुढची गोळी गालात धरत असत. १७०८ पर्यंत पलित्याच्या बंदुका बहुतेक गेल्या होत्या, चकमकीच्या आल्या होत्या. कौलात मात्र पलिता पेटतच राहिला, कारकून जुना मसुदा उतरवून काढत असणार!

खिंडारातून जायचा हट्ट नुसता रुबाबासाठी नव्हता. दरवाजातून बाहेर पडलेल्या किल्लेदाराला राजा विचारणार, तट फुटला होता का. खिंडारातून शिबंदी चालत गेली याचे दोन्ही सैन्यं साक्षीदार. म्हणजे ती त्याची पावतीच. आर्कोकडे ही पावती नव्हती.

मग तोफा. किती तोफा आणि गरनाळा बरोबर न्यायच्या, प्रत्येकीसोबत किती फैरींची दारू, यावर घासाघीस. मग झाकलेल्या गाड्या, ठरलेल्या संख्येच्या, ज्या उघडून पाहायच्या नाहीत. त्यांत काय असे? समोरच्या सैन्यातून फितूर होऊन आत आलेली माणसं. ती सापडली असती तर फासावर गेली असती. ही कोंडी कोणाचीही मान खाली न जाता सोडवायला ताडपत्री पुरते.

पुढे जखमी आणि आजारी: मागे राहतील, बरे झाल्यावर परवाना मिळेल. शिबंदीने गावात केलेली उधारी: फिटेपर्यंत एक-दोन अधिकारी ओलीस. गावाचे हक्क, धर्म, कर जसेच्या तसे, याची बोलणी बहुधा गावकऱ्यांचे पुढारी वेगळी करत. सुरुंगांच्या आणि कोठारांच्या जागा प्रामाणिकपणे दाखवायच्या. सही झाली त्याच दिवशी एक दरवाजा हल्लेखोराच्या पहाऱ्यात. शिबंदीला जवळच्या मार्गाने स्वतःच्या राज्यातल्या ठरलेल्या गावापर्यंत सोबत. कधीकधी असंही कलम, की इतक्या दिवसांत कुमक आली तर कौल रद्द.

मान देऊन सोडलेली शिबंदी महिन्याभरात दुसऱ्या किल्ल्यात तुमच्यासमोर उभी राहू शकते, हा या पद्धतीतला भोक पडलेला खिसा. म्हणून युद्ध लांबत गेलं तसा शेवटी शेवटी 'युद्धकैदी व्हा' हा आग्रह वाढला. १७११ मध्ये बूशँची शिबंदी कैद झाली. लीलला मात्र युजीनने बुफ्लेरला सांगितलं, की कलमं तूच लिही, मी सही करतो. असा निरोप पाठवणं परवडतं, कारण समोरचा अव्वाच्या सव्वा मागणार नाही याची खात्री असते. मागितलं तर त्याचीच लाज जाते.

बुरूजबंद

मनापासून आभार. खिंडार म्हणजे पावती, हे आता डोक्यात बसलं. एक शंका: शमाद वाजवूनही मान मिळाला नाही असं व्हायचं का?

हिशेबनीस

व्हायचं. बार्सेलोना, १७१४. स्पेनच्या पाचव्या फिलिपच्या बाजूने लढणाऱ्या बेरविकने १२ जुलैला चर उघडले, सप्टेंबरच्या सुरुवातीला शरण यायला सांगितलं, शहराने नकार दिला. ११ सप्टेंबरला पहाटे एल्गार, दिवसभर गल्लीबोळांत लढाई, दुपारी शमाद. बेरविकने जीव आणि लुटीपासून संरक्षण एवढं दिलं. निशाणं, ढोल, तोफा काही नाही. एक तर शमाद एल्गारानंतरचा. आणि पाचव्या फिलिपच्या लेखी ते दुसऱ्या राजाचं सैन्य नव्हतं, बंडखोर प्रजा होती. हा रिवाज राजाराजांमधला. त्याआधी १७०७ मध्ये शातिव्हाचं काय झालं ते आणखी वाईट. शहर जाळलं आणि त्याचं नावही बदलून सान फेलिपे केलं.

उत्तर_कोकण

फक्त युरोपचा धागा आहे हे मान्य, पण फडावरच्या कारकुनांनी सांगितलेलं पहिलं कलम आपल्याकडेही लागू झालंय. वसई, मे १७३९. पोर्तुगिजांनी चिमाजी अप्पांकडे मागितलेल्या कौलाचं पहिलंच कलम: शिबंदी शस्त्रांसह, ढोल वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडेल, सोबत चार तोफा आणि दोन गरनाळा. १६ मे रोजी तह, २३ मे रोजी किल्ला रिकामा. किल्लाही कोनी बुरुजांचा, आणि मराठ्यांनी तो जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकवत, बुरुजांखाली सुरुंग लावूनच घेतला. म्हणजे खिंडार आधी, कौल मग.

एक विचारायचं होतं. वसईच्या चर्चमधल्या घंटा नंतर देवळांत गेल्या, भीमाशंकरची सगळ्यांना माहीत आहे. युरोपात जिंकलेल्या गावातल्या घंटांचं काय व्हायचं?

फडावरचा_कारकून

@उत्तर_कोकण, घंटा तोफखान्याच्या! जुना रिवाज असा, की ज्या गावावर तोफ डागावी लागली, त्या गावातल्या घंटा आणि तांब्या-पितळेची भांडी तोफखान्याच्या प्रमुखाच्या हक्काची. धातू एकच ना, घंटेचा आणि तोफेचा. प्रत्यक्षात घंटा क्वचितच उतरवत. गाव एकरकमी पैसे देऊन त्या 'सोडवून' घेई, आणि रक्कम तोफखान्याचे अधिकारी आपसात वाटून घेत. म्हणून कौलाच्या मागण्यांत गावकरी अनेकदा एक वेगळं कलम घालायचे, की घंटांना हात लावू नये. समोरच्या समासात बहुधा शेरा पडायचा, 'तोफखान्याच्या प्रमुखाशी बोलून घ्यावे.'